बारावी ओळ

८ जानेवारी, सोमवार

हुश्श! आलो एकदाचे. सामान उतरलं, कपाटाचा एकच पाय मोडला आणि नवरोबांची कंबर अजून शाबूत आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या, स्वयंपाकघराला ही भलीमोठी खिडकी. मुलींनी आल्या आल्या खिडकीजवळच्या पलंगावरून भांडण काढलं. ठमी थोरली, गोटी धाकटी. अंतर अकरा मिनिटांचं. सहा वर्षांच्या झाल्या तरी त्यांचा बाप अजून चुकतो आणि एकीला दोनदा औषध पाजतो. मी मात्र पाठमोऱ्याही ओळखते, कारण गोटी डावखुरी आहे आणि दप्तरसुद्धा डाव्याच खांद्याला अडकवते. शेवटी पलंग गोटीने पटकावला. ठमी जमिनीवर गादी टाकून अशी ऐटीत झोपली, जणू तिला तेच हवं होतं.

उद्यापासून नवी नोकरी. नवी वहीही काढली आहे. रोज लिहायचं, हातानेच लिहायचं, दिवसभर बडवायला कीबोर्ड आहेच.

९ जानेवारी, मंगळवार

ऑफिस आवडलं. फाटकावर एक म्हातारेबाबा स्टुलावर बसलेले असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ‘ये गं लेकी’ म्हटलं. आत आम्ही तिघंच. मास्तर आमचे प्रमुख, कधी आवाज चढवत नाहीत, कानावर लाल पेन्सिल. दुसरी काकू, सगळ्यांत जुनी, पन्नाशीची, बोलायला कंजूष. तिसरी मी.

काम म्हणजे शहराच्या रहिवाशांची नोंदणी सांभाळायची. इथली पद्धत अशी अजब की ज्याचं नाव ते! दर माणसाला एक वेगळी फाइल. माझ्या मागच्या नोकरीत कोणी असं सुचवलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. या फाइलींचा कोड कोणी हाताने लिहीत नाही. डेटाबेस वाचून कोड आपोआप लिहिणारा एक प्रोग्राम आहे, त्याला सगळे सुईण म्हणतात. दर गुरुवारी चार वाजता ती नव्याने सगळ्या फाइली जन्माला घालते. प्रत्येकीच्या डोक्यावर एकच वाक्य असतं: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदल करू नये.

सुईणीचा कोड चालतो, पण दिसायला महागबाळा. टीमचे एकेचाळीस नियम भिंतीवर चौकटीत लावले आहेत आणि ती एकही पाळत नाही. नववा नियम: अपुरी फाइल काढून टाका. सतरावा: मजकूर सारखा असेल तर दोन फाइलींची एक करा, नाव आणि वेळ मजकुरात धरू नका. तिसावा: जो रकाना जवळपास सगळ्यांचा रिकामा असेल तो छाटून टाका. आता सुईणीमागून जाऊन सगळं नियमात बसवणारा प्रोग्राम मी लिहायचा आहे. मला नाहीतरी लोकांच्या घरातली वाकडी चित्रं सरळ करायची खोड आहे. जणू माझ्यासाठीच जन्माला आलेलं काम मिळालं!

११ जानेवारी, गुरुवार

आज आम्हा चौघांची नोंद झाली. लिहून घेतलं काकूने. ठमीचं झालं, गोटीचं सुरू केलं आणि ती थांबली. उंची तीच, रक्तगट तोच, वर्ग तोच, ओळखीची खूण दोघींनाही नाही. मला विचारलं, काहीच वेगळं नाही का? मी म्हटलं, धाकटी डावखुरी आहे आणि तिच्याइतकी हट्टी पोर अख्ख्या शहरात नसेल. काकू म्हणाली, ते लिहायला रकाना नाही. मग कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसली. आहे बाई जरा विचित्र.

१८ जानेवारी, गुरुवार

आज फजिती झाली. काल दोन फाइलींतली गबाळी नावं मी हातानेच नीट केली होती. चार वाजता सुईण आली आणि माझं सगळं पुसून गेली. मास्तर हसले. म्हणाले, तिच्या फाइलीत हाताने काही केलंत तर ते गुरुवारपर्यंतच जगतं. नीट करायचं असेल तर नियमातून करा.

मला ते पटलं. माझा प्रोग्राम आठवड्यात तयार होईल. मास्तरांनी त्याचं नावही ठेवलं, कात्री. सुईण आणि कात्री, छान जोडी जमली. काकू मात्र हसली नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

कात्री धडाधड चालतेय, पण एका जागी अडते. काकूने सांभाळलेली एक अपवादांची यादी आहे. तीत ज्यांचा नंबर, त्यांना कुठलाच नियम लागत नाही. बारा ओळी, नुसते नंबर. कारणाचा रकाना बाराही ठिकाणी कोरा! अकरा ओळी जुन्या आहेत, बारावी तर मी आल्यानंतर पडलेली.

काकूला विचारलं, कारण काय? म्हणाली, राहू देत. मी म्हटलं, राहू देत हे कारण झालं का? तर म्हणाली, त्या ओळींना हात लावू नकोस, तुझ्या पाया पडते. ऑफिसात कोण कोणाच्या पाया पडतं! कारण लिहिलं तर मास्तर वाचतात, एवढंच पुटपुटली आणि डबा उघडून बसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नियम करायचे आणि आपल्या मर्जीतल्यांना मागच्या दाराने सोडायचं!

२४ जानेवारी, बुधवार

काकू आज रजेवर. म्हाताऱ्या आईला चष्म्यासाठी नेलंय. बरंच झालं. मी मास्तरांपुढे बेचाळिसावा नियम मांडला: अपवादांची यादी बंद. कोणाला नवी ओळ घालायचीच असेल तर कारण लेखी हवं आणि टीममधल्या दोघांच्या सह्या हव्यात. मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून स्वतःच्या हाताने तो भिंतीवर लिहिला. नुसता मान हलवणारा माणूस, पण आज म्हणाला, मी तर कधीच सही करणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. दोघंही हसलो.

बारा ओळी मी पुसल्या. कोणाचे नंबर होते ते बघितलंही नाही, कशाला बघू? एकदम नको, दर गुरुवारी चार-चार फाइली घ्या, असं मास्तर म्हणाले. जुन्या प्रती तीन आठवडे राहतात, मग त्याही जातात. मी एकदम खूश. घरी येताना मुलींना रंगपेट्या आणल्या. दोन सारख्याच, नाहीतर घरात महायुद्ध.

२५ जानेवारी, गुरुवार

पहिल्या चार फाइली निघाल्या. एकही तक्रार नाही. इतका स्वच्छ कोड मी जन्मात बघितला नव्हता.

निघताना फाटकावर स्टूल रिकामं होतं. ऑफिसच्या झाडूवालीला विचारलं, म्हातारेबाबा कुठे गेले? ती म्हणाली, कोण म्हातारेबाबा? हे स्टूल बल्ब बदलायला ठेवलंय. माझी थट्टा करते भवानी.

१ फेब्रुवारी, गुरुवार

दुसऱ्या चार गेल्या. काकू तोंड फुगवून बसली आहे, आठवडाभर माझ्याशी एक शब्द नाही. जेवताना मीच म्हटलं, आईचा चष्मा झाला का? मास्तर मध्येच म्हणाले, काकूला कुठली आलीय आई, ती एकटीच राहते ना वर्षानुवर्षं. काकूने ड्रॉवर उघडला. आत चष्म्याचं नवं घर होतं. तिने ते हातात घेतलं, परत ठेवलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी डबा बंद केला.

मास्तरांना विसरायला होत असेल. माणसाला होतं विसरायला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटच्या चार. चारला निघाल्या, साडेपाचला मी घरी.

टेबलावर तीन ताटं. मी म्हटलं, गोटी कुठेय? नवरा हसून म्हणाला, खेळायच्या गोट्या आहेत का आपल्याकडे? मी म्हटलं, मस्करी पुरे. तो माझ्याकडे बघायला लागला. जमिनीवरची गादी नाही. दप्तर एक. रंगपेट्या मात्र दोन, आणि तो म्हणतो, दुकानदाराने चुकून दोन बांधल्या असतील.

ठमी चित्र काढत होती. डाव्या हाताने. मध्येच पेन्सिल उजव्या हातात घ्यायची, परत डाव्या. मी विचारलं, गोटी कुठे गं? तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावी ओळ गोटीची होती. काकूने घातली होती, माझी नोंद झाली त्याच दिवशी, मला न सांगता. आणि मी ती पुसली.

काकूला सगळं आठवतंय. आईचं नाव तिने कॅलेंडरच्या मागे हाताने लिहून ठेवलंय आणि रोज वाचते. म्हणाली, हाताने लिहिलेलं सुईणीला दिसत नाही, पण एक आठवडा वाचलं नाहीस की गेलं समज. आधी असं का नाही बोललीस, म्हणून मी ओरडले. ती म्हणाली, तू विश्वास ठेवला असतास? नसता.

मी सही मागितली. माझी एक आणि तिची एक, झाल्या दोन. हात जोडले, अक्षरशः जोडले. तिने शांतपणे विचारलं, कारण काय? मी म्हटलं, मुलगी आहे माझी. ती म्हणाली, मी तिथे ‘आई आहे माझी’ असं लिहिलं असतं तर तू ठेवली असतीस? जन्मतारीखच माहीत नव्हती गं तिची, म्हणाली, फाइल अपुरी, नवव्या नियमात गेली. आणि पुन्हा कामाला लागली.

सही दिली नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या प्रतीतून गोटीची फाइल मी हातानेच परत ठेवली. मास्तर जेवायला गेले होते.

घरी धावत आले. जिन्यातच आवाज ऐकू आला, दोघी भांडत होत्या! पलंगावरून. मी जिन्यातच बसून रडले. नवरा म्हणाला, काय झालं, रोजचंच तर आहे यांचं.

गोटीला कुशीत घेऊन बसले, ती वैतागून म्हणाली, आई, सोड ना.

गुरुवारपर्यंत तीन दिवस.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सतरावा नियम. मजकूर सारखा नसला की झालं. फाइल डेटाबेसवरून होते, डेटाबेस माणसावरून. उंची बदलता येत नाही. रक्त बदलता येत नाही. ओळखीची खूण करता येते.

नोंदणीच्या डॉक्टरांना खोटी खूण चालत नाही, डोळ्यांनी बघून लिहितात. गोंदणाऱ्याने पोर बघून मला हाकलून दिलं. म्हणाला, आई आहेस की कोण?

मीच केली. सुई तापवून घेतली, निळी शाई. डाव्या मनगटावर एक ठिपका. दाराला कडी लावली होती. ठमी बाहेरून दार बडवत होती. गोटी आधी ओरडली, मग विचारायला लागली, आई मी काय केलं? आई, मी काय केलं गं? मी हात सोडला नाही. ठिपका पुसट आला म्हणून पुन्हा टोचलं.

डॉक्टरांनी बघितलं, माझ्याकडेही बघितलं, आणि लिहिलं. नोंद झाली. आता दोघी वेगळ्या. गोटी माझ्याशी बोलत नाही. नको बोलू, बाळा, पण राहा.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तिसावा नियम. जो रकाना जवळपास सगळ्यांचा रिकामा— शहरात कोणाला असते ओळखीची खूण? दहा जणांना? कात्रीने रकानाच छाटला. तो भाग मीच लिहिलाय. पहिल्या आठवड्यात, शीळ घालत.

टेबलावर तीन ताटं.

ठमीच्या मनगटावर निळा ठिपका आहे. तिने मला हात लावू दिला नाही. म्हणाली, तू टोचशील.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांनी माझा हाताने केलेला बदल पकडला. रागावले नाहीत. फाइलींना हात लावायची माझी परवानगी फक्त काढून घेतली. आता सह्यांशिवाय रस्ता नाही. जुनी प्रत २९ तारखेला चार वाजता पुसली जाईल.

काकू नाहीच म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

वाचलं पाहिजे, रोज वाचलं पाहिजे. पण १४ तारखेचं पान उघडलं की तेच— आई मी काय केलं— मला नाही सोसत. फक्त आजचा दिवस नको. पानांना रबर लावते. थोडे दिवस मागच्या बाजूने लिहीन, मग वाचेन. उद्या वाचेन.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

नाही वाचलं.

ठमी दोन्ही हातांनी लिहिते. बाई कौतुक करतात. काहीतरी होतं, गुरुवारी चारच्या आत— कशाबद्दल—

रडू येतं. कशाचं ते—

२६ फेब्रुवारी, सोमवार

बरं वाटतंय. झोप लागली. कपाटात नवी कोरी रंगपेटी सापडली, जास्तीची. शेजारणीच्या पोरीला देऊन टाकली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

काकूचं डोकं फिरलंय. सकाळी घरी आली होती, काहीतरी निमित्त काढून. ठमीचं मनगट हातात धरून त्या निळ्या ठिपक्यावरून बोट फिरवत बसली. जन्मखूण आहे ती, मी म्हटलं. तर ठमी म्हणते, नाही, आईने टोचलं. पोरं काहीही बोलतात.

आता ऑफिसात माझ्यापुढे कागद धरून उभी आहे. अपवादांच्या यादीत एक नवी ओळ हवी म्हणे. नुसता नंबर, तिने कॅलेंडरमागे लिहून ठेवलेला म्हणे. तिची सही झालेली आहे, दुसरी माझी मागते. कारणाच्या जागी लिहिलंय, हिची मुलगी आहे. कोणाची? मला एकच मुलगी आणि ती व्यवस्थित नोंदलेली आहे. हे काय कारण झालं? बेचाळिसावा नियम मी उगाच केलाय का! कागदावर लिहिलं: कारण अपुरे.

रडायलाच लागली. म्हणते, चुकले मी, सूड घेतला तुझ्यावर, पण त्या पोरीचा काय दोष. सही नको करूस, पण वहीचं रबर काढ आणि सुरुवातीची पानं वाच, एवढं एकदा वाच. आता माझ्या वहीला रबर कोणी लावलं, तेही मला आठवत नाही. पाया पडायला वाकली. ऑफिसात कोण कोणाच्या पाया पडतं!

चारला सहा मिनिटं आहेत. मास्तर बघतायत, तमाशा नको. वाचते बाई, तुझ्या समाधानासाठी वाचते, चारची फेरी होऊन जाऊ दे. आधी हा कागद टराटरा फाडून टोपलीत—